उपसर्ग, धातू, प्रत्यय : मराठी माध्यमातून इंग्रजीच्या अवघड शब्दांकडे

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांचं शिक्षण मराठीतून झालं, रोजचं इंग्रजी वाचता येतं, पण अग्रलेख, स्पर्धा परीक्षेतला उतारा किंवा एमए इंग्रजीच्या पहिल्या सत्राचं पुस्तक हाती आलं की दर दोन ओळींना अडखळायला होतं. नागपुरात अशी मुलं-मुली मला रोज भेटतात. काटोल, उमरेड, रामटेकहून आलेली, खोली करून राहणारी, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसणारी. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये शब्दांची एक लांबलचक यादी असते आणि बहुतेकांची तक्रारही एकच असते : "मॅडम, रोज पाठ करून राहिलो, पण आठ दिवसांनी सगळं सपाट."

दोष त्यांच्या डोक्याचा नाही, यादीचा आहे. सुटा पाठ केलेला शब्द सुटाच निसटतो. शब्द कसा घडतो, हे मराठी माध्यमाच्या मुलाला शाळेच्या व्याकरणात शिकवलेलं असतं : उपसर्ग, धातू, प्रत्यय, संधी. इंग्रजीतल्या अवघड शब्दांचा मोठा हिस्सा लॅटिन आणि ग्रीकमधून आला आहे आणि तो याच रीतीने घडलेला आहे. मराठी माध्यमामुळे आपण मागे पडलो, असं मानणाऱ्या प्रत्येकाला मला हे ठासून सांगायचं आहे की या एका बाबतीत तुम्ही पुढे आहात.

पायरी १ : सुरुवात मराठीपासून करा

वही उघडा आणि 'हार' लिहा. आता त्याला उपसर्ग लावत जा : आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, व्यवहार. मूळ धातू एकच, पण उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. हे तुम्हाला कोणी वेगळं पाठ करायला लावलं नव्हतं.

तेच आता 'स्पेक्ट' घेऊन करा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाहणं. आत पाहिलं की इन्स्पेक्ट, म्हणजे तपासणी. पुढे पाहिलं की प्रॉस्पेक्ट, म्हणजे पुढची शक्यता. मागे वळून पाहिलं की रेट्रोस्पेक्ट. स्वतःच्या आत पाहिलं की इंट्रोस्पेक्शन, आत्मपरीक्षण. सभोवार पाहून मगच पाऊल टाकतो तो सर्कम्स्पेक्ट, म्हणजे सावध. आणि खालून, भुवईआडून पाहणं म्हणजे सस्पेक्ट, संशय घेणं. यांतला सर्कम्स्पेक्ट शब्द तुम्ही कदाचित आजच पहिल्यांदा वाचला असेल. तो पाठ करावा लागला का?

पायरी २ : उपसर्गांची नाती ओळखा

ही पायरी घाईने उरकू नका. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं, असं मांडलं. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ते नातं ध्वनींच्या नियमांनिशी सिद्ध केलं. आपल्या कामाचा भाग एवढाच की आपले कितीतरी उपसर्ग इंग्रजी शब्दांत वेश बदलून बसलेले आहेत.

नकाराचं उदाहरण घ्या. व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्' : अशक्य, पण अनावश्यक, अज्ञात, पण अनादर. ग्रीकमध्ये नेमका हाच नियम आहे. म्हणून ए-थीइस्ट, पण ॲन-आर्की. ए-टिपिकल, पण ॲन-ऑनिमस. इंग्रजीचा स्वतःचा 'अन' आणि लॅटिनचा 'इन' हेही याच घरातले. ॲग्नॉस्टिक या शब्दाला आपण अज्ञेयवादी म्हणतो. त्यातला 'अ' तर एक आहेच, पण 'ग्नॉ' आणि 'ज्ञा' हे धातूही सख्खे आहेत.

भूमितीत शिकलेली परिमिती आठवा. इंग्रजीत ती पेरिमीटर. आपला 'परि' आणि ग्रीकचा 'पेरि' एक. आपली 'मात्रा' आणि त्यांचा 'मीटर' एकाच मुळाचे. मग पेरिफेरी, पेरिस्कोप, पेरिपटेटिक हे शब्द आले की 'सभोवार' हा अर्थ हाताशी असतोच. असंच 'अंतर्' आणि 'इंटर'. 'प्र' आणि 'प्रो'. 'उपरि', ग्रीकचा 'हायपर' आणि लॅटिनचा 'सुपर'. 'दुस्' आणि ग्रीकचा 'डिस', जो स्पेलिंगमध्ये वाय घेऊन येतो : डिस्टोपिया, डिस्लेक्सिया, डिस्पेप्सिया. त्याच्या उलट 'सु' आणि ग्रीकचा 'यु' : युफनी म्हणजे सुस्वरता, युलजी म्हणजे कुणाबद्दल चांगलं बोलणं. 'सम्' आणि लॅटिनचा 'कॉन' यांचं नातं मात्र नाही, फक्त काम सारखं आहे : संगम, संवाद, कन्व्हर्ज, कॉन्फरन्स.

इथे एक इशारा आवश्यक आहे. सारखं दिसतं ते सगळं नात्यातलं नसतं. आपला 'देव' आणि लॅटिनचा 'डेउस' नात्यातले आहेत, त्यातून डिव्हाइन आणि डीइटी आले. ग्रीकचा 'थिऑस' त्यांच्याइतकाच जवळचा वाटतो, पण त्याचा या दोघांशी संबंध नाही. तेव्हा नातं जुळतंय असं वाटलं की व्युत्पत्ती देणारा कोश उघडून खात्री करा. इंटरनेटवर एटिमॉनलाइन मोफत आहे आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पायरी ३ : संधी विसरू नका

सत् अधिक जन सज्जन, उत् अधिक लेख उल्लेख, जगत् अधिक नाथ जगन्नाथ. पुढचा वर्ण मागच्याला आपल्यासारखं करून घेतो. लॅटिनमध्येही तेच होतं. 'इन' लीगलपुढे आला की 'इल', पॉसिबलपुढे 'इम', रेग्युलरपुढे 'इर'. 'कॉन' हा 'कॉम', 'कॉल', 'कॉर' होतो. 'ॲड' हा उपसर्ग तर जवळपास कायमच वेशांतर करून असतो : ॲक्सेप्ट, ॲफर्म, ॲट्रॅक्ट, ॲप्रोच.

याचा रोकडा फायदा स्पेलिंगमध्ये होतो. ॲकॉमोडेटमध्ये दोन सी आणि दोन एम का, हे पाठ करायची गरज नाही. 'ॲड' चा डी पुढच्या सीमध्ये विरघळला म्हणून दोन सी. 'कॉम' चा एम आणि 'मोड' चा एम मिळून दोन एम. जोडाक्षर दिसलं की संधी सोडवा.

पायरी ४ : धातू थोडे घ्या, पण कुटुंबासकट

सुरुवातीला वीस-पंचवीस धातू खूप झाले. कोणते, ते पुस्तकातून ठरवू नका, पेपरातून ठरवा. 'द हितवाद' हे इंग्रजी दैनिक आपल्याच शहरात १९११ पासून आहे, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेलं. पहिल्या पानावरची एक बातमी आणि अग्रलेख, एवढं रोज पुरे.

समजा मे महिन्यातल्या उन्हाच्या बातमीत 'अनप्रेसिडेंटेड' शब्द आला. तो पेन्सिलीने फोडा. 'अन' म्हणजे नाही. 'प्रे' म्हणजे आधी. 'सीड' म्हणजे जाणं. शेवटचे 'एंट' आणि 'एड' हे प्रत्यय. आधी गेलेलं नाही असं, पूर्वी झालेलं नाही असं. मराठीत आपण काय म्हणतो? अभूतपूर्व. तेही 'अ', 'भूत' आणि 'पूर्व' असंच रचलेलं आहे.

आता कुटुंब गोळा करा. मागे जाणं रिसीड. पुराचं पाणी रिसीड होतं, अर्थव्यवस्थेचं रिसेशन होतं. वाट सोडून देणं, मान्य करणं कन्सीड. वेगळं होऊन निघून जाणं सिसीड. दोघांच्या मध्ये जाऊन रदबदली करणं इंटरसीड. आधी गेलेला तो प्रेडेसेसर, त्याच पदावर आपल्या आधी असलेला माणूस. मर्यादेबाहेर जाणं एक्सीड, आणि त्यातूनच एक्सेस. एका बातमीतल्या एका शब्दाने एवढे हाती लागले.

स्पेलिंगचा प्रश्न इथे येतोच. एक्सीड, प्रोसीड आणि सक्सीड या तिघांतच दोन ई लागून येतात, बाकीच्यांत सी-ई-डी-ई. आणि सुपरसीड एकटाच एस घेऊन लिहिला जातो, कारण तो या कुटुंबातला नाहीच. त्यातला धातू 'बसणं' या अर्थाचा : दुसऱ्याच्या वर जाऊन बसणं, त्याची जागा घेणं. सेशन, सेडेंटरी, आणि 'प्रे' लावून पुढे बसणारा तो प्रेसिडेंट, हे सगळे त्याचे. आपल्याकडे हाच धातू 'सद्' आहे : संसद, परिषद, उपनिषद.

पहिल्या महिन्यासाठी माझी निवड विचाराल तर स्पेक्ट, सीड, डिक्ट, स्क्राइब, मिट, व्हर्ट, ड्यूस, फर, टेन, लोक आणि ग्रीकमधले ग्राफ, लॉग, क्रॉन, पॅथ. यांतला 'लोक' म्हणजे बोलणं : एलोक्वंट, लोक्वेशस, कोलोक्विअल, सोलिलोक्वी.

ग्रीक शब्द ओळखायची खूण स्पेलिंगमध्ये असते. फ साठी पी-एच, क साठी सी-एच, शब्दाच्या मध्ये वाय, सुरुवातीला पी-एस किंवा आर-एच. असं काही दिसलं की लॅटिन धातू शोधत बसू नका.

पायरी ५ : शब्दाचा थर ओळखा

मेडिकल चौकाकडे गेलात तर शासकीय दंत महाविद्यालय लागतं. इंग्रजीत डेंटल कॉलेज. 'टूथ कॉलेज' कोणी म्हणत नाही, जसं आपण 'दात महाविद्यालय' म्हणत नाही. दात, दंत, टूथ, डेंटल हे चारही एकाच मुळाचे, तरी प्रत्येकाची बसायची जागा वेगळी. डोळे तपासून घेतो, पण दान नेत्रांचं करतो.

इंग्रजीत हे थर १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर पडले. साध्या लोकांचे जर्मानिक शब्द खाली, दरबारी फ्रेंच मध्ये, विद्वानांचं लॅटिन वर. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट हे तिन्ही 'विचारणं'च; पण पत्ता आस्क करतात, निर्णयाला क्वेश्चन करतात आणि आरोपीला पोलीस इंटरॉगेट करतात. म्हणून शब्दकोशात फक्त मराठी अर्थ पाहून थांबू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या. त्यात शब्द फॉर्मल आहे की बोलीतला, हे लिहिलेलं असतं.

पायरी ६ : फसणाऱ्या जागा

धातू अर्थाची दिशा दाखवतो, अर्थ ठरवत नाही. नागपूरकरांना हे सांगायला उदाहरण शोधावं लागत नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड, आणि आपण दोन्ही भाषा एकाच दिवसात बोलतो.

पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. आपल्या 'पद'चा भाऊ. पीडिॲट्रिक्समधला ग्रीक, म्हणजे मूल. होमिसाइडमधला 'होमो' माणूस, होमोजीनिअसमधला 'होमो' समान. इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेटणारं. एनर्व्हेट म्हणजे बळ देणं नव्हे, गळून जायला लावणं. नॉइसम म्हणजे गोंगाटाचं नव्हे, दुर्गंधी किंवा किळसवाणं. नाइस हा शब्द लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून निघाला, यावर तर विश्वास बसत नाही. परीक्षा घेणाऱ्यांना हे शब्द फार आवडतात. यांच्यासाठी वहीत शेवटची चार पानं राखून ठेवा.

पायरी ७ : वही, सोबती आणि उजळणी

एका पानावर एकच धातू. वर धातू आणि मराठी अर्थ, खाली कुटुंब, आणि प्रत्येक शब्दापुढे तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य. वाक्याशिवाय शब्द लिहूच नका. याचं कारण सोबती, म्हणजे त्या शब्दाबरोबर नेहमी येणारे शब्द. मराठीत ऊन रणरणतं, पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची; 'मुसळधार थंडी' म्हटलं की ऐकणारा थबकतो. इंग्रजीत मिटिगेटबरोबर रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट येतात, भूक येत नाही. एक्झॅसर्बेटबरोबर प्रॉब्लेम किंवा टेन्शन येतं, आनंद कधीच नाही. अर्थ बरोबर असून वाक्य विचित्र वाटतं, ते बहुधा इथेच चुकलेलं असतं.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं. फोनवर करायचं असेल तर अँकी हे ॲप अँड्रॉइडवर फुकट मिळतं आणि दिवस तेच मोजतं. पान नुसतं वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. अर्थ झाका, आठवा, मग पाहा.

पायरी ८ : उच्चार

देवनागरीत उच्चार लिहून ठेवा, लाजू नका. हायपर्बली, हायपरबोल नव्हे. एपिटमी, एपिटोम नव्हे. सिनेक्डकी. ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांत शेवटचा ई बोलला जातो.

देवनागरी एक गोष्ट दाखवत नाही, ती म्हणजे आघात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, फोटॉग्रफरमध्ये दुसऱ्या, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्या. शब्द 'इक', 'इटी' किंवा 'शन' ने संपत असेल तर जोर जवळजवळ नेहमी त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. त्या अवयवाखाली रेघ मारा. मुलाखतीत चांगला शब्द चुकीच्या आघाताने वाया जातो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

पायरी ९ : साहित्याच्या संज्ञा

एमए, नेट, सेट करणाऱ्यांनो, या संज्ञांना घाबरण्याचं तर काहीच कारण नाही. दहावीचे अलंकार तुमच्या पाठीशी आहेत. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, अलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पन म्हणजे श्लेष, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती, सॉलिलोक्वी म्हणजे स्वगत, फ्री व्हर्स म्हणजे मुक्तछंद. सॉनेट केशवसुतांनी मराठीत आणलं आणि आपण त्याला सुनीत म्हणतो.

धातूंची पद्धत इथेही चालते. मेटाफरमधला 'फर' म्हणजे वाहून नेणं, आपल्या 'भार'मधला 'भृ'. अर्थ एका वस्तूवरून उचलून दुसरीवर नेणं. ऑनोमॅटोपिया म्हणजे नाव घडवणं. पहिला भाग आपलं 'नाम', आणि दुसऱ्यातूनच पोएट आला. सिझ्यूरा म्हणजे छेद, ओळीच्या मधली यती. त्याच धातूतून इन्सिजन आणि कन्साइज निघाले.

मेटोनिमी आणि सिनेक्डकी यांत सगळे गोंधळतात. "दिल्लीने निधी अडवला" असं आपण म्हणतो तेव्हा दिल्ली म्हणजे केंद्र सरकार. शहर सरकारचा भाग नाही, फक्त त्याच्याशी जोडलेलं आहे. ही मेटोनिमी. "घरात खाणारी तोंडं सहा" म्हणतो तेव्हा तोंड हा माणसाचाच अवयव आहे, अंशावरून पूर्ण. ही सिनेक्डकी. प्रत्येक संज्ञेसाठी असं रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य शोधा आणि मगच इंग्रजी कवितेतलं उदाहरण घ्या.

आयरनीला मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही, म्हणून तिचे तीन प्रकार वेगळे ठेवा. बोलण्यातली व्हर्बल आयरनी आपल्या व्याजस्तुतीच्या, उपरोधाच्या जवळ जाते. परिस्थितीतली सिच्युएशनल, जिथे घडतं ते अपेक्षेच्या नेमकं उलट. आणि ड्रमॅटिक आयरनी समजायला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं नाटक पाहावं. पडद्यामागे कोण लपलंय हे मांडवातल्या शेवटच्या रांगेलाही माहीत असतं, फक्त नायकाला नसतं, आणि तो शांतपणे बोलत राहतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला प्रेक्षकांच्या मनात दुसरा अर्थ लागतो.

दोन ठिकाणी मात्र मराठीचा आधार जपून घ्या. आपली वृत्तं लघु-गुरूवर, म्हणजे अक्षराच्या लांबीवर चालतात. इंग्रजी मीटर आघातावर चालतं. आयँब म्हणजे एक हलका आणि एक जोरकस अवयव, आणि असे पाच मिळून आयँबिक पेंटामीटर. यमाताराजभानसलगा इथे लावू नका. दुसरं म्हणजे कथार्सिस (भावनांचं विरेचन) आणि रस. एक ॲरिस्टॉटलच्या शोकांतिकेच्या विचारातून आलेला, दुसरा भरताच्या नाट्यशास्त्रातून. तुलना जरूर करा, पण एकाला दुसऱ्याचं भाषांतर समजू नका.

परीक्षेत संज्ञा आली की व्याख्या एका वाक्यात, उदाहरण एका वाक्यात आणि उरलेली जागा ती युक्ती त्या कवितेत काय करते यासाठी. गुण तिसऱ्या भागाला मिळतात आणि मुलं नेमकी तिथेच एक ओळ लिहून थांबतात.

पायरी १० : मोठं गद्य वाचा, थोडं लिहा

पेपरच्या पुढे गेल्यावर काय वाचावं, असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं इंग्रजी. लॅटिनमधून आलेले वजनदार शब्द आणि तरीही स्वच्छ वाक्य, हे शिकायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण घ्या. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर मोफत आहेत आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलवर बाबासाहेबांची पुस्तकं मिळतात. याच भाषणात 'ग्रामर ऑफ ॲनार्की' ही प्रसिद्ध शब्दयोजना आहे. 'ॲन' म्हणजे नाही, 'आर्क' म्हणजे सत्ता, आणि तिच्याशेजारी नियमांचं शास्त्र असलेलं ग्रामर. पायरी २ आणि पायरी ९ एकाच ठिकाणी भेटतात.

पहिल्या वाचनात कोश उघडू नका. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि पुढे जा. दुसऱ्या वाचनात रेघा मारलेले शब्द फोडा, अंदाज समासात लिहा. कोश तिसऱ्या वाचनाला.

आणि आठवड्यातून एकदा दीडशे शब्दांचा परिच्छेद लिहा, कशावरही : मेट्रोतली गर्दी, अंबाझरीचा तलाव, घरमालकाशी झालेला वाद. नवे शब्द त्यात दोनच वापरायचे. लिहून झालं की ते दोन शब्द काढून साधे घालून पाहा. साध्याने काही कमी होत नसेल तर साधाच ठेवा आणि नव्या शब्दाला पुढच्या आठवड्यात दुसरं वाक्य शोधा. परिच्छेद सोबत शिकणाऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. उच्चार आणि सोबती दोन्हींतल्या चुका तिथेच कळतील.